बाळांच्या नावांचे अर्थ छापताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे बाळांसाठी आगळ्यावेगळ्या नावांची यादी अर्थांसह येत आहे. आमच्या भागात ती आवडीने वाचली जाते. तिची कात्रणे जपून ठेवली जातात आणि बारशाचा दिवस जवळ आला की शेजारपाजारच्या लेकीसुना ती घेऊन माझ्याकडे येतात. कारण मी या सोलापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवले असून माझ्या घरी चार शब्दकोश आहेत, हे त्यांना माहीत आहे. नव्या नावांची ही हौस मला मनापासून आवडते. ज्या घरांत पूर्वी मुलीचे नाव ठरवायला कोणी पाच मिनिटेही देत नसे, त्याच घरांत आज आई, बाबा, आत्या आणि आजोबा एका नावासाठी रात्र रात्र बोलत बसतात, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. त्या सर्वांचा छापलेल्या अक्षरावर विश्वास असतो, आणि म्हणूनच यादीतले काही अर्थ वाचून मला राहवले नाही.

गेल्या महिन्यातला प्रसंग सांगते. आमच्या गल्लीतल्या एका तरुण जोडप्याने आपल्या मुलीसाठी ‘अवीरा’ हे नाव निवडले होते. यादीत त्याचा अर्थ ‘शूर, पराक्रमी’ असा दिला होता. पाळण्यावर लावायची सोनेरी अक्षरे कापून तयार होती, घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवले होते, आणि मुलीच्या आजीने ‘बाई, एकदा तुम्ही बघा’ म्हणून ते कात्रण माझ्या हाती दिले. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत कोशात ‘अवीरा’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आहे पती आणि पुत्र दोन्ही नसलेली स्त्री. मनुस्मृतीत तो याच अर्थाने येतो आणि अशा स्त्रीच्या घरचे अन्न घेऊ नये, असे तेथे सांगितले आहे. त्या वचनातला निर्दयपणा मला कधीही मान्य झालेला नाही, परंतु मला मान्य नाही म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्या घराने पहिले अक्षर काढून टाकले आणि मुलीचे नाव ‘वीरा’ ठेवले. हिब्रू भाषेत ‘अवीरा’ म्हणजे हवा, वातावरण. तो अर्थ मनात धरून कोणी हे नाव ठेवले तर माझी काहीच हरकत नाही, मात्र मग यादीत त्या नावापुढे हिब्रू भाषेचा उल्लेख आणि ‘हवा’ हा अर्थ यायला हवा.

‘अवीरा’ हे काही एकटे उदाहरण नाही. ‘आरव’ या नावापुढे ‘शांत’ असा अर्थ वारंवार छापला जातो. संस्कृतात ‘रव’ म्हणजे आवाज आणि ‘आरव’ म्हणजे मोठा आवाज, ओरड, गर्जना. शांत असाच अर्थ हवा असेल तर त्यासाठी ‘नीरव’ हा सुंदर शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. ‘रेयांश’ हे नाव ‘सूर्यकिरणाचा अंश’ म्हणून दिले जाते. त्यातला ‘अंश’ संस्कृत खरा, पण किरणाला ‘रे’ म्हणतात ते इंग्रजीत. त्याच्या जवळ जाणारे ‘श्रेयांश’ हे नाव मुळात ‘श्रेयांस’ आहे. अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे ते नाव, आणि त्यात ‘अंश’ कोठेही नाही. ‘हृषीकेश’ या नावाची फोड ‘हृषीक’ म्हणजे इंद्रिये आणि ‘ईश’ म्हणजे स्वामी अशी आहे. ते ‘ऋषिकेश’ असे लिहून ‘ऋषींचे केस’ असा अर्थ लावण्याची वेळ आपण मुलांवर आणतो.

‘अनीशा’ या नावाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण ते चार वर्षांत तीन वेळा माझ्यापुढे आले. ‘अनीश’ हे विष्णुसहस्रनामातले एक नाव आहे. ज्याच्यावर दुसरा कोणी ईश नाही, म्हणजे जो स्वतःच सर्वश्रेष्ठ आहे, तो अनीश. मुलासाठी हे नाव अर्थपूर्ण आहे. मात्र त्याला ‘आ’ लावून मुलीचे नाव केले की गोष्ट वेगळी होते, कारण ‘अनीशा’ हा स्वतंत्र शब्द मुंडकोपनिषदात आहे. एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा जो प्रसिद्ध दृष्टान्त आहे, त्यातला दुसरा मंत्र सांगतो की मोहात बुडालेला जीव ‘अनीशया शोचति’, म्हणजे आपण असमर्थ आहोत या भावनेने शोक करतो. एकाच मुळातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एकात परम सामर्थ्य आहे आणि दुसऱ्यात असहायता. तिन्ही वेळा मी हे दोन्ही अर्थ घरच्यांसमोर ठेवले. दोन घरांनी नाव बदलले, एका घराने विष्णूच्या नावाचे स्त्रीरूप म्हणून तेच ठेवले, आणि तोही निर्णय मला योग्य वाटला, कारण तो माहिती घेऊन केलेला होता.

अर्थाच्या बाबतीत मी कोशाला चिकटून बसते, असा समज होऊ नये. ‘अस्मिता’ हे नाव धारण करणाऱ्या किती तरी मुली मी शिकवल्या. योगसूत्रांत अस्मिता हा अविद्या, राग, द्वेष आणि अभिनिवेश यांच्या पंक्तीला बसणारा एक क्लेश, म्हणजे दुःखाला कारण होणारा मनाचा दोष आहे. आजच्या मराठीत मात्र या शब्दाला स्वत्वाची जाणीव, स्वाभिमान असा अर्थ आला असून तो इतका रुळला आहे की कोणत्याही अस्मिताने आपले नाव बदलण्याचे कारण नाही. बोलणाऱ्यांनी मिळून दिलेला अर्थ खरा असतो. एखाद्या यादी करणाऱ्याने घाईत जोडून दिलेल्या अर्थाला ती मान्यता नसते, आणि माझे म्हणणे एवढ्याच फरकापुरते आहे.

परभाषेतल्या नावांची गोष्टही अशीच आहे. ‘कियारा’ या नावाचा अर्थ एका आठवड्यात ‘तेजस्वी’ आणि पुढच्या आठवड्यात ‘सावळी, काळ्या केसांची’ असा आला, तेव्हा अनेक वाचक गोंधळले. खरे पाहता दोन्ही अर्थ बरोबर आहेत, कारण ही दोन भाषांतली दोन नावे आहेत: इटालियन ‘कियारा’ म्हणजे स्वच्छ, उजळ, आणि आयरिश ‘किआरा’ ज्या शब्दापासून आले त्याचा अर्थ काळा. भाषेचे नाव छापले असते तर गोंधळ झालाच नसता. ‘इवान’ला सूर्याचे नाव म्हणतात, ते हिब्रू ‘योहानान’चे, म्हणजे ‘ईश्वराची कृपा’ या अर्थाच्या नावाचे स्लाव्ह रूप आहे. ‘कियान’ फारसी आहे आणि त्याचा अर्थ राजे. ‘मायरा’ हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितेतल्या नायिकेसाठी योजले, असे मानले जाते. आपल्या शहरातल्या मारवाडी घरांत मात्र ‘मायरा’ म्हणजे भाच्याच्या किंवा भाचीच्या लग्नात मामाने वाजतगाजत आणलेला आहेर. मामाचे ते प्रेम नावात उतरावे असे कोणाला वाटले तर इंग्रज कवीपेक्षा ते आपल्याला अधिक जवळचे नाही का?

नाव परभाषेतले असणे यात मला काहीही गैर वाटत नाही. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसामुळे ठेवली गेली, असे परंपरा सांगते. ‘गुलाब’ आणि ‘दौलत’ ही आपल्या आजोबा-पणजोबांची नावे फारसी-अरबी मुळांची आहेत, आणि ती परकी आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही.

अर्थच नसलेल्या, घडवलेल्या नावांचीही मला भीती वाटत नाही. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील पतंजलींच्या ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथात शब्दांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत जातीवाचक, गुणवाचक आणि क्रियावाचक शब्दांबरोबर ‘यदृच्छाशब्द’ हा चौथा प्रकार आहे, म्हणजे आपल्या इच्छेने एखाद्याला ठेवलेले, पुढे-मागे अर्थ न पाहता वापरलेले नाव. व्याकरणकारांचे त्याचे ठरलेले उदाहरण ‘डित्थ’ असे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांनी अर्थहीन नावाला शब्दांच्या पंगतीत मानाने बसवले, तर आज ‘शिवन्या’ला आपण बाहेर का उभे करावे? तेवढे मात्र सरळ सांगावे. इंद्रापासून इंद्राणी, रुद्रापासून रुद्राणी, शर्वापासून शर्वाणी आणि भवापासून आपली भवानी, ही रूपे पाणिनीने सूत्रात बांधून दिली आहेत. ‘शिव’ या शब्दापासून व्याकरणाच्या त्या वाटेने ‘शिवन्या’ होत नाही. ते आजच्या कानांनी घडवलेले गोड नाव आहे. त्यापुढे ‘नवे घडवलेले नाव’ असे छापले तर त्या मुलीचे काही कमी होणार नाही.

या कानांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्र या प्राचीन ग्रंथात नामकरणाचा नियम आहे की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याची सुरुवात ग, ज, द, ब यांसारख्या घोष वर्णाने व्हावी आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतःस्थ वर्ण यावा. मुलीचे नाव विषम संख्येच्या अक्षरांचे आणि शेवटी ‘आ’ असलेले असावे. ‘मायरा’ आणि ‘कियारा’ ही नावे या नियमाशी ताडून पाहावीत: अक्षरे तीन, शेवटी ‘आ’. मुलींच्या आजच्या आवडत्या नावांत य आणि र यांची जी रेलचेल आहे तीही त्याच जुन्या कानाला रुचली असती, असे मला वाटते. ज्या आईबापांना आपण मुळे विसरलेले म्हणून नावे ठेवतो, त्यांच्या कानांनी एक फार जुनी आवड नकळत जपली आहे. पतंजलींनी याच संदर्भात आणखी दोन अटी सांगितल्या आहेत: नावाने वडिलांच्या तीन पिढ्यांची आठवण राहावी आणि ते शत्रुपक्षात रूढ असलेले नसावे. पहिली अट आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवून पाळली गेली, आणि सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही म्हणून त्याच नातवाला घरात अप्पा, अण्णा, तात्या म्हणण्याची रीत पडली.

नाव आगळेवेगळे होण्यामागे पंचांगातल्या अक्षरांचाही वाटा आहे. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून १०८ अक्षरे ठरलेली आहेत. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येते, हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ आणि उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्या चरणाला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारे नाव आणायचे कोठून? आपल्या वडीलधाऱ्यांनी यावर सोपा उपाय शोधला होता. पत्रिकेसाठी नावरस नाव वेगळे ठेवायचे आणि व्यवहारात हाक मारायचे नाव मनाजोगते ठेवायचे. आता पुष्कळ घरांत तेच अक्षर जन्मदाखल्यावर यावे असा आग्रह धरला जातो, आणि मग अक्षर जुळते पण अर्थ कोठून तरी ओढून आणावा लागतो.

आता सोलापूरविषयी. आपल्या पुरवणीतली आगळीवेगळी नावे दूरदूरच्या भाषांतून येतात, पण या शहराच्या हजेरीपटावर तीन-चार भाषांची नावे पिढ्यान् पिढ्या एकमेकांना लागून बसली आहेत आणि त्यांचे अर्थ शेजाऱ्याला ठाऊक नाहीत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावे मल्लप्पा, श्रीकृष्ण, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ अशी आहेत. शहर कसे आहे हे त्या चार नावांतच कळते. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या एका नावावरून सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्रामप्पा, सिद्धव्वा अशी किती नावे निघाली ते त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत कोणाही हरवलेल्या मुलाचा पुकारा ऐकला तर समजते. कानडी ‘चन्न’ म्हणजे सुंदर, म्हणून चन्नवीर आणि चन्नम्मा. ‘बसव’ हे संस्कृत ‘वृषभ’ शब्दाचे कानडी रूप. ‘कल्लु’ म्हणजे दगड, म्हणून अक्कलकोटकडचा कल्लप्पा आणि आमच्या गल्लीतला दगडू हे अर्थाने सख्खे भाऊ. पंढरपूरचा ‘पांडुरंग’ शब्दशः पाहिला तर ‘फिकट पांढऱ्या रंगाचा’ असा होतो आणि सावळ्या विठ्ठलाला हे नाव कसे, असा प्रश्न माझे विद्यार्थी हमखास विचारत. पंढरपूरचे जुने कानडी नाव ‘पंडरगे’ होते आणि त्यावरून ‘पांडुरंग’ आले असावे, असे अभ्यासकांनी मांडले आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यातले सर्वांत मराठी वाटणारे नावही कानडी मातीतून उगवलेले असू शकते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाचवीच्या वर्गात पूर्व भागातल्या एका विणकर कुटुंबातला पेंटय्या नावाचा मुलगा होता. त्याच्या नावाला मुले हसत असत. एक-दोघांना त्याचा तेलुगू अर्थ कळला होता आणि त्यामुळे ते हसणे अधिकच बोचरे झाले होते, कारण ‘पेंट’ म्हणजे उकिरडा. त्याची आजी शाळेत आली आणि अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत तिने मला सांगितले की याच्या आधीची दोन मुले गेली, म्हणून हा जन्मल्यावर त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून घेतले आणि हे नाव ठेवले. टाकून दिलेल्या मुलाकडे मृत्यू वळून पाहत नाही. ते ऐकून मला हजेरीपट नव्या नजरेने दिसू लागला. त्याच पटावर दगडू होता आणि त्याला कोणी हसत नव्हते, कारण ते नाव कानाच्या ओळखीचे होते. मराठीत केराबा, धोंडू, भिकाजी, कानडीत ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा, तेलुगूत पेंटय्या. तीन भाषांतल्या आयांनी एकमेकींना न विचारता तीच युक्ती केली होती. या नावांना आज गावंढळ म्हणून यादीतून वगळले जाते. मूल वाचावे म्हणून आईने मनावर दगड ठेवून दिलेले हे चिलखत होते, एवढे तरी पुढच्या पिढीला कळले पाहिजे.

‘नकुशी’ हे नाव मात्र मी या रांगेत कधीही बसवणार नाही. तेही दिसायला नकाराचे नाव आहे, पण दगडूला मृत्यूने नको म्हणावे अशी आईची इच्छा होती, आणि नकुशीला तर घरानेच नको म्हटलेले असते. २०११ साली सातारा जिल्ह्यात असे नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. माझ्याही वर्गात अशी एक मुलगी होती. नववीत नामांचे अर्थ सांगण्याचा तास चालू असताना तिने वही मिटून घेतली, आणि त्या दिवशी मी तो तास तेथेच थांबवला. शिक्षिका म्हणून मी नंतर तिच्या घरी गेले, बोलले, पण दाखल्यावरचे नाव शाळा सुटेपर्यंत बदलले नाही. याचे दुःख मला आजही आहे. आगळ्यावेगळ्या नावांवर लिहिताना या नावाविषयीही लिहिले गेले पाहिजे.

सोलापूरकराने ठेवलेले सर्वांत आगळे नाव कोणते, असे मला कोणी विचारले तर मी ‘यिनहुआ’ असे सांगेन. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले. त्या पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द जोडून घेतला होता, म्हणून कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ झाले. तेथेच त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. हे नाव तेथील सेनानी न्ये रोंगझेन यांनी सुचवले असे सांगितले जाते. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉ. कोटणीस गेले, आणि पुढे १९६७ साली तो मुलगाही ऐन तारुण्यात गेला. दोन अक्षरांत दोन देश बसवणारे हे नाव आपल्या शहराच्या वाट्याला आलेले आहे, पण नावांच्या एकाही यादीत ते मी वाचलेले नाही. त्याचा अर्थ खरा आहे, तो कोठून आला हे माहीत आहे आणि तो कोणी ठेवला हेही माहीत आहे. ही तिन्ही माहिती सोबत असल्यामुळे ते नाव एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

नावाची घाई करण्याचे कारण नाही, हेही आपण वाचकांना सांगावे, अशी विनंती आहे. रुग्णालयातून घरी जाण्याआधीच नाव द्यावे लागते, या समजुतीने अनेक जण मोबाइलवर दिसेल ते नाव लिहून देतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदवता येते आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ती सोय आहे. दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे आधाराचा कागद झाला आहे, त्यामुळे एकदा नोंदलेले चुकीचे रूप, मग ते ‘हृषीकेश’चे असो वा ‘श्रेयांस’चे, मुलाबरोबर आयुष्यभर चालते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदांवर त्याच्या नावानंतर आईचे नाव येते, ही मला फार आनंदाची वाटणारी गोष्ट आहे. दोन नावे आता शेजारी शेजारी वाचली जाणार आहेत, तेव्हा ती एकत्र मोठ्याने उच्चारून पाहावीत, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी सांगते.

आपल्याकडे माझे मागणे असे आहे की प्रत्येक नावासमोर अर्थाबरोबर भाषाही छापावी, घडवलेल्या नावाला घडवलेले म्हणावे आणि संस्कृत म्हणून दिलेला अर्थ आपटे यांच्या कोशात, मराठीचा मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्या कोशांत, कानडीचा किटेल यांच्या आणि तेलुगूचा ब्राउन यांच्या कोशात एकदा पाहून घ्यावा. यांतले बरेच कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे एका नावाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. सोलापूर आवृत्तीत एखाद्या रविवारी या जिल्ह्यातल्या मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू घरांतली नावे त्यांच्या अर्थांसह यावीत, अशीही इच्छा आहे. निवृत्त होण्यापूर्वी मी ३१ वर्षांच्या हजेरीपटांवरून आडनावे वगळून अशी नावे एका दोनशेपानी वहीत उतरवून घेतली होती, आणि ज्यांचे अर्थ घरच्यांकडून कळले ते त्यांच्यासमोर लिहिले आहेत. आपल्याला उपयोगी पडणार असेल तर ती वही मी स्वतः कार्यालयात आणून देईन. काम झाल्यावर ती परत मिळावी, कारण बारशी चालू आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर